दाजी आणि वांगी रंगाची लोकर

दाजींबद्दल लिहायला बसले की चेहऱ्याआधी त्यांचा तळहात आठवतो. तो सतत कशावर तरी टेकलेला असायचा. भिंतीवर, दाराच्या चौकटीवर, नळाच्या पाइपवर. एकदा आमच्या घरी आले आणि आई शिवत असतानाच त्यांनी शिलाई मशीनवर हात ठेवला. "डाव्या अंगाला कायतरी ढिलं झालंय," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले. आईनं मशीन थांबवून कान लावला. तिला काही ऐकू आलं नाही. पुढच्याच आठवड्यात मशीन अडलं, आणि आई उगाचच दाजींवर चिडली. जणू त्यांनी हात लावला म्हणूनच ते बिघडलं होतं.

निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत एका बाजूला लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने होते आणि दुसऱ्या बाजूला आमच्या खोल्या. समोरच्या कारखान्यात दाजी जॉबर होते, म्हणजे बंद पडलेले लूम दुरुस्त करून देणारे. माझे वडील त्याच कारखान्यात लूम चालवायचे. सगळं आयुष्य त्या खडखडाटात गेल्यामुळे दाजींना कमी ऐकू यायचं. जे कानाला कळायचं नाही ते त्यांच्या हाताला कळायचं. त्यांचं खरं नाव गंगाराम. पण त्यांचे मेव्हणे पूर्वी तिथंच कामाला होते, ते दाजी म्हणायचे, म्हणून सगळी गल्ली दाजी म्हणू लागली. त्यांच्या बायकोला आम्ही शेवंताताई म्हणायचो. त्यांना मूलबाळ नव्हतं.

दाजींच्या पँटच्या मागच्या खिशात कायम एक पाना असायचा. लग्नाकार्यालाही ते तो घेऊन जायचे. जेवायला मांडी घातली की पाना टोचायचा, मग कुशीवर कलून जेवायचे, पण बाहेर काढायचे नाहीत. "कुठून कवा बोलावणं येईल, काय सांगावं?" असं म्हणायचे. आणि बोलावणं यायचंच. दिवाळी आणि ईदच्या आधी कारखान्यांचा सीझन असायचा. तेव्हा दिवसपाळी संपली तरी दाजी घरी यायचे नाहीत. आमच्या कारखान्यातून शेजारच्या, तिथून पुढच्या. आपल्यावाचून गल्लीतलं कापड अडतं, याचा त्यांना अभिमान होता असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही. ते स्वतःबद्दल फारसं बोलायचेच नाहीत, मशीनबद्दल बोलायचे. त्यांचं एक वाक्य वडील घरी येऊन सांगायचे: "एकदाच आलेला फॉल्ट धाग्याचा. पुन्हा पुन्हा येणारा फॉल्ट मशीनचा. तिथं पाना लावावा लागतो."

शेवंताताई अगदी शांत. गणपती उठले की त्यांची दोन कामं सुरू व्हायची. ओट्यावर तेलाचे रिकामे डबे मांडून त्यात भाजी लावायची, आणि दुपार कलली की विणायला बसायचं. माझी आई दिघाशीची. ती माहेरी गेली की ताईंसाठी शेणखताची पिशवी घेऊन यायची. बी ताईंकडे एका बाटलीत असायचं, राखेत कालवलेलं, सगळं एकत्र. मूठभर घ्यायच्या आणि डब्यांतून टाकायच्या. "उगवल्यावर कळंल काय हाय ते," म्हणायच्या. विणकाम मात्र दर वर्षी वांगी रंगाच्या लोकरीचंच. आम्हाला वाटायचं, त्यांना तो रंग आवडतो. मागच्या वर्षी विणलेलं कुठे गेलं, हे कुणी कधी विचारलं नाही. आता याचं नवल वाटतं. इतक्या चौकस बायका गल्लीत असताना हेच कसं सुटलं, कळत नाही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्या वर्षी गणपती उठल्यावर ताईंनी डब्यांत बी टाकलं, विणायला घेतलं, आणि पितृपक्षात तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. इतक्या लवकर की गल्लीला नीट रडताही आलं नाही.

नवरात्रात सगळ्यांच्या घरी घट बसले. दाजींच्या घरी त्या वर्षी घट नव्हता. पण ओट्यावरच्या डब्यांना कोंब फुटले.

एका सकाळी मी कॉलेजला निघाले तर दाजी डब्यांपुढे उकिडवे बसलेले. हातात तांब्या. एका डब्यावर तळहात ठेवून, लूमवर ठेवायचे तसे, ते वाट बघत होते.

"यातलं भाजी कुठली आणि गवत कुठलं?" त्यांनी मला विचारलं.

मी वाकून बघितलं. मेथी तेवढी ओळखली. बाकीचं मला कळेना. ऑक्टोबरच्या उन्हात सगळं सारखंच हिरवं दिसत होतं. तसं सांगितलं तर त्यांनी मान हलवली आणि सगळ्यांना पाणी घातलं. पुढेही सगळ्यांनाच घालत राहिले. एक काडीसुद्धा उपटली नाही.

मेथी आली. मुळे आले. वालाचा वेल वर चढायला लागला, तेव्हा त्यांनी कारखान्यातून सुताच्या कांड्या आणल्या आणि ओट्यापासून पत्र्यापर्यंत दोरे ताणले, इतके सरळ की वेल लूमवर चढवलाय असं वाटावं. आणि एका डब्यात एक रोप नुसतं उंचच होत गेलं. त्याला भाजी लागेना. दाजींनी त्यालाही काठी लावली, दोऱ्यानं बांधलं, सकाळ-संध्याकाळ पाणी. मग त्याला गुलाबी-पांढरे तुरे आले. आईनं ते बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"दाजी, कुर्डू हाय ते! आमच्या दिघाशीला बांधावर पायाखाली जातं. त्याला कोन काठी लावतं?"

दाजींना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. आई ओरडून परत म्हणाली, तेव्हा सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"शेणातून बी आलं असंल," आई म्हणाली. "उपटून टाका."

"तिच्याच डब्यात हाय ना?" दाजी म्हणाले. "मग ऱ्हाऊ दे. तिनं टाकलं नसंल असं तुमी सांगू शकता का?"

आई तिथून निघाली. ती घरी येऊन म्हणाली, "मानूस बरा हाय ना, बघायला पायजे." मलाही तीच शंका आली होती. पण तुऱ्यांवर फुलपाखरं यायला लागली तेव्हा वाटलं, कदाचित आपणच चुकत असू.

विणकामाचं तर याहून अवघड झालं. पाठीचा भाग जवळजवळ पुरा करून ताई गेल्या होत्या. सुया तशाच अडकवलेल्या. दाजींनी तो तुकडा उचलला आणि त्यांना एकाच गोष्टीचा घोर लागला: हा स्वेटर कुणासाठी होता?

"कुणीतरी वाट बघत असंल गं," ते मला म्हणाले. "थंडीच्या आत त्याला पोचायला पायजे. मी कुठल्या पार्टीचा माल कधी अडकवला न्हाय. तिचा अडकलाय."

मग ते तो तुकडा घेऊन गल्लीत फिरायला लागले. नळावर, चहाच्या टपरीवर, जो भेटेल त्याच्या पाठीला तो लावून बघायचे. स्वतःला तर त्यांनी आधीच लावून पाहिला होता. खांद्यात अर्धी वीत कमी पडत होता. पोराला मोठा, बाप्याला लहान, असं काहीतरी विचित्र माप.

"दाजी, टेलरिंग कधी सुरू केलं?" टपरीवर कुणीतरी विचारायचं.

"माझ्या बकऱ्याला लावून बघा, त्याला बसेल," दुसरा म्हणायचा.

पानवाल्यानं तर छातीवर हात ठेवून सांगितलं, "मलाच बोलली होती ताई. मागच्या थंडीत." दाजींनी गंभीरपणे त्याला वळवलं, पाठीला तुकडा लावला, मग पुढून लावला. पोट दोन्ही बाजूंनी बाहेर. "हे तिनं बघितलं नसंल," असं म्हणून दाजी पुढे गेले. टपरी हसत राहिली, पण दाजी चेष्टा करत नव्हते.

मलाही त्यांनी भररस्त्यात थांबवलं. पाठीला सुया टोचल्या.

"तुझं माप घेतलं व्हतं का तिनं?"

मला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. कारण उन्हाळ्यात एकदा ताईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला होता आणि म्हणाल्या होत्या, "अभ्यासानं वाळलीस गं." ते माप होतं का? माप कसं घेतात हेच मला माहीत नव्हतं. कितीतरी दिवस वर्गात बसून मी याच विचारात असायचे. मला तो स्वेटर हवा होता असं नाही. पण तो माझा असेल तर मला कळायला हवं होतं.

त्या तुकड्यात आणखी एक कोडं होतं. दर काही ओळींनंतर त्यात एक बारीक भोक होतं. सारख्या अंतरावर, पण एकाच रेषेत नाही. दाजींनी ते उजेडात धरून मला दाखवलं.

"तू कॉलेजात जातेस. सांग, ही डिझाइन हाय का फॉल्ट?"

"मला विणकाम येत नाही, दाजी."

"मग काय शिकवतात तिथं?"

"मी आर्ट्सला आहे."

"आर्ट म्हंजे कलाच ना? मग?"

कॉलेजात गेल्यापासून गल्लीतले लोक मला सगळंच विचारायला लागले होते. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते, पाऊस कधी थांबणार ते. आणि मला बहुतेक काहीच माहीत नसायचं.

"मशीन नसताना फॉल्ट असा नेमानं येत न्हाय," दाजी स्वतःशीच म्हणाले. "डिझाइनच असणार."

विणायला त्यांना शिकवलं सकीनाचाचीनं. ती कारखान्याच्या मालकाची आई, कोकणी मुसलमानांचं जुनं घर त्यांचं. कारखान्याला लागूनच राहायची आणि दुपारी पायरीवर बसून नातवंडांची टोपडी विणायची. सगळा कारखाना जिच्या मुलाला सेठ म्हणायचा ती त्या सेठला सगळ्यांसमोर झापायची, त्यामुळे गल्लीत तिचा दरारा होता.

"अरे गंग्या, सुई आहे ती, पाना नाही. एवढी आवळतोस कशाला?"

"ढिलं सोडलं तर निसटतंय, चाची."

"निसटू दे. परत उचल. तुझ्या लूमसारखा दम कोंडू नको तिचा."

दाजींच्या हाताला घाम यायचा, लोकर बोटांना चिकटायची, वरून कारखान्यातली कापसाची भुकटी उडून तिच्यावर बसायची. वांगी रंग पांढुरका दिसायला लागला. पण ते शिकले. सुलट टाका, उलट टाका. पाठ पुरी केली, पुढचा भाग केला. आणि शेवंताताईंच्या भागात जिथं जिथं भोक होतं, तितक्याच ओळी मोजून आपल्या भागातही भोक पाडत गेले. चाचीनं डोक्याला हात लावला.

"हे काय करतोस? हा सुटलेला टाका आहे."

"तिनं केलंय तसंच करायचं."

"आणि ही लोकर बघ, कशी कुरळी झालीये. नवी नाही. काहीतरी उसवून घेतलीये तिनं."

"असंल," दाजी म्हणाले. त्यांचं लक्ष टाक्यांवर होतं. आणि चाचीचंही, मला वाटतं, ती जे बोलली त्याकडे नव्हतं.

या सगळ्यात त्यांना लूमवरून बोलावणी येतच होती. निरोप आला की सुया खुर्चीवर ठेवून धावायचे. त्यांच्या घरात ती एकच लाकडी खुर्ची होती. तिच्या पाठीच्या दोन्ही खुंटांना, तिथं वेढे अडकवून कुणी गुंडी केली असावी तसे, लोकरीचे बारीक तंतू चिकटलेले असायचे. त्या खुर्चीवर कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

दिवाळी आली. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरी त्या वर्षी फराळ करत नाहीत, शेजारचे नेऊन देतात. भाऊबीजेच्या दिवशी आई आणि मी ताट घेऊन गेलो. तिथं ताईंची धाकटी बहीण, येसूमावशी, वळ गावाहून आली होती. दाजी दुसऱ्या बाहीवर होते. थंडीला आता थोडेच दिवस उरले होते आणि धनी अजून सापडला नव्हता.

"दाजी, ह्ये काय चालवलंय तुमी?" येसूमावशी कानाशी मोठ्यानं म्हणाली.

"शेवंताचं काम. कुणाचं हाय तेवढं कळंना. तुला काय बोलली व्हती का?"

येसूमावशी हसली. वाईट नाही, सहजच. "कुणाचं असनार? दरसाल ह्योच विनायची, दरसाल उसवायची. संक्रांत झाली की उसवायची, गणपती उठले की परत सुरू. म्या इचारलं एकदा, तर म्हनाली, दुसरी लोकर आणून तरी कुनासाठी विनू?"

दाजींच्या सुया थांबल्या.

"पन कशाला?"

"कशाला म्हंजे? तुमचा सीझन असायचा ना. तुमी तिकडं. तिनं एकलीनं काय करायचं मग?"

आई फराळाचं ताट ठेवायला जागा शोधायला लागली. जागा समोरच होती. दाजींनी बाही पुढे केली आणि एका भोकावर बोट ठेवलं.

"आणि ही डिझाइन?"

"डिझाइन कसली! भोक हाय ते." येसूमावशीनं बाही हातात घेतली. "तिला किती येळा सांगितलं, टाके सुईवर असताना मान वर करू नगं. पन शिफ्ट सुटली, गल्लीत चपला वाजल्या, की बघायचीच दाराकडं. टाका सुटायचा. मग कसाबसा उचलायची, तिथं भोक ऱ्हायचं." बोलता बोलता ती थांबली. तिनं बाही उलटी करून बघितली. "ही तर तिनं विनलेली न्हाय. हिच्यात कशी भोकं?"

"मी पाडली," दाजी म्हणाले.

समोरचा कारखाना दिवाळीमुळे बंद होता. दाजींनी मागच्या खिशात हात घातला, पाना काढला, त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, आणि तो त्या खुर्चीवर ठेवला. अगदी हळू, कुणी झोपलं असावं तसा. मला उठावं की बसावं कळत नव्हतं. आई उठली म्हणून मी उठले.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "येसूनं बोलायला नको व्हतं." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "बोलली ते बरंच झालं." यातलं खरं कुठलं, हे मी तिला विचारलं नाही. मला स्वतःलाही दोन्ही वाटत होतं. दाजींचा रागही येत होता आणि त्यांच्यासाठी वाईटही. आणि तो स्वेटर माझा नव्हता हे कळल्यावर जे वाटलं, त्याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.

गल्लीला ही गोष्ट कळायला वेळ लागला नाही. स्वेटर कुणाला तरी देऊन टाका, असं सगळ्यांचं मत पडलं. दाजींनी तो पुरा केला, चाचीकडून शेवटचे टाके बंद करायला शिकले, आणि खुंटीला अडकवला. थंडी आली, गेली. स्वेटर तिथंच होता. वालाच्या शेंगा त्यांनी घरोघर वाटल्या. कुर्डू वाळलं, तेव्हा त्याचे तुरे चोळून बी काढलं आणि राखेच्या बाटलीत टाकलं, बाकीच्यांत. आईनं हे बघितलं, आणि या वेळी ती हसली नाही.

त्यानंतर मी अभ्यासात आणि परीक्षांत गुंतले. दाजी कामावर जात होते, पण वडील म्हणायचे, "शिफ्ट सुटली की दाजी आता सगळ्यात आधी भाईर." सेठला ते आवडलं नव्हतं. दाजी घरी येऊन करायचे काय, ते वडिलांना माहीत नव्हतं. ओट्यावर बसलेले असतात, एवढंच म्हणायचे.

मी बी.ए. झाले आणि मला कल्याणला एका शाळेत नोकरी लागली. त्याच सुमारास वडिलांनी काम सोडलं आणि आई-वडिलांचं दिघाशीला राहायला जायचं ठरलं. आम्ही खोली सोडली ती गणपतीनंतरच. टेम्पोत सामान चढवून झालं आणि मी दाजींचा निरोप घ्यायला त्यांच्या ओट्याकडे गेले.

डबे मांडलेले होते, माती ओली होती, अजून काही उगवलं नव्हतं. ओट्यावर दाजी बसले होते. दोन्ही हात पुढे धरलेले, तळवे समोरासमोर, आणि त्या हातांभोवती वांगी लोकरीचे वेढे. समोर खालच्या पायरीवर सकीनाचाची बसून त्या वेढ्यांतून धागा ओढत गुंडी करत होती. खुर्ची भिंतीला सरकवलेली होती आणि स्वेटरची खुंटी रिकामी होती.

"हात वर. खाली आणू नको," चाची म्हणाली. "जॉबरचा हात आहे की लोण्याचा?"

"चाची, नाकावर माशी बसलीय."

"बसू दे. तीही दमली असेल."

मी काही बोलणार इतक्यात समोरून कारखान्यातला एक कामगार धावत आला. "दाजी, कोपऱ्यातला लूम बंद पडला. सेठ बोलवतायत. माल आजच जायचाय."

दाजींनी त्याच्याकडे बघितलं. मग आपले हात जरा वर करून त्याला दाखवले.

"हात गुंतलेत रे."

कामगारानं चाचीकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" चाची म्हणाली. "त्यानं सांगितलं ना?"

तो थोडा वेळ घुटमळला आणि परत गेला. एरवी अखंड वाटणाऱ्या त्या खडखडाटात एका लूमची जागा रिकामी होती; मलासुद्धा ती ऐकू येत होती. दाजींना ऐकू येत होती की नाही, माहीत नाही. त्यांचे तळहात कशावरच टेकलेले नव्हते.

"दाजी, निघतेय मी," मी मोठ्यानं म्हणाले आणि वाकून नमस्कार केला. डोक्यावर ठेवायला त्यांचा हात मोकळा नव्हता. ते नुसतेच हसले.

टेम्पो सुरू झाला. मी मागे सामानावर बसले होते, त्यामुळे ओटा दिसत राहिला. दाजी मान वर करून आमच्याकडे बघत होते.

"मान खाली, गंग्या," चाचीचा आवाज आला. "धागा सुटतोय."

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत त्यांनी मान खाली केली नाही.